जुन्या विमानाचा पत्रा गंजतो, 'थकतो' म्हणजे नेमकं काय होतं? अशा विमानात बसणं सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं विमान पंचवीस वर्षांचं निघालं, दाराजवळ पत्र्यावर वेगळा तुकडा ठोकलेला दिसला, पंखावर चंदेरी पट्टी चिकटवलेली होती, आणि तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय: गंज आणि धातूचा थकवा यांमुळे विमान हवेत तुटू शकतं का?

तुटू शकतं. तुटलेली आहेत. पण त्यामागचं कारण 'विमान म्हातारं झालं होतं' इतकं सरळ क्वचितच निघतं. मी बरीच वर्षं विमानांच्या सांगाड्याची तपासणी आणि दुरुस्ती केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वयाचं बघू. बाहेरचे लोक वर्षं मोजतात. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, पहिला प्रश्न असतो, 'सायकल किती झाल्या?' एकदा उडून उतरलं की एक सायकल. वीस मिनिटांच्या उड्डाणाची एक आणि चौदा तासांच्या उड्डाणाचीही एकच, कारण पत्र्याला त्रास होतो तो दाब भरण्याचा आणि सोडण्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर केबिनच्या आतला आणि बाहेरचा दाब यांत साधारण आठ पीएसआयचा (चौरस इंचाला आठ पौंड) फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण चौरस मीटरला हिशेब केला तर साडेपाच टन भरतो. एवढा भार झेलणारा बोइंग ७३७ सारख्या विमानाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तो दर उड्डाणात फुगतो आणि उतरताना सैल पडतो.

गणित मांडलं तर पत्रा कायमचा वाकायला जेवढा ताण लागतो, त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश ताण त्यात येतो. म्हणजे भरपूर राखीव आहे असं वाटेल. पण त्याच पत्र्याला रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांसाठी, हजारो भोकं पाडलेली असतात, आणि भोकाच्या काठावर ताण जवळपास तिप्पट होतो. राखीव तिथेच संपलं. तार मागेपुढे वाकवून तोडायचं उदाहरण सगळे देतात, मला ते फारसं पटत नाही. तार वाकताना दिसते. इथे डोळ्यांना काहीही दिसत नाही, पत्रा कुठेही वाकत नाही, आणि तरी भोकाच्या काठाला केसाहून बारीक तडा सुरू होतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ढोबळमानानं एक हद्द असते, तिच्याखाली ताण ठेवला तर कितीही वेळा ताणा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी हद्द नाही. ताण कमी ठेवला तर तडा उशिरा जाईल, एवढंच.

तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर ही सगळी कहाणी वाचता येते. थकव्यानं वाढलेल्या भागावर शिंपल्यावर असतात तशा एकामागोमाग एक बारीक रेघा दिसतात. प्रत्येक ताणाबरोबर तडा थोडा पुढे सरकतो आणि मागे एक रेघ सोडतो. रेघा सुरुवातीला दाट, पुढे विरळ होत जातात, कारण तडा जितका लांब तितका तो वेगानं पळतो. मग रेघा संपतात आणि खरखरीत, करडा भाग सुरू होतो. तिथे उरलेला धातू एका झटक्यात तुटलेला असतो.

गंजाचं वेगळं आहे. त्याला सायकलींशी देणंघेणं नाही, तो कॅलेंडरवर चालतो. विमान दोन वर्षं दमट हवेत नुसतं उभं असलं तरी तो आपलं काम करत राहतो, म्हणून तर बंद ठेवायची विमानं कोरड्या वाळवंटात नेऊन लावतात. गंज म्हटलं की तांबूस रंग डोळ्यांपुढे येतो, पण ॲल्युमिनियमचा गंज पांढरट-करडी भुकटी असतो. शुद्ध ॲल्युमिनियम गंजाला बरंच पुरून उरतं. विमानासाठी मात्र ताकद हवी म्हणून त्यात तांबं किंवा जस्त मिसळतात, आणि ताकद वाढते तशी गंजाची भीतीही वाढते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात, वर प्रायमर, वर रंग. पण भोक पाडलं किंवा पत्रा कापला की कड उघडी पडतेच.

गंज कुठे सापडेल हे अनुभवी माणूस कागद न बघता सांगतो. टॉयलेटच्या आणि गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) खालची जमीन, दरवाज्यांचे उंबरे, सीट ज्या पट्ट्यांवर बसवतात त्या पट्ट्या आणि विमानाचं पोट, जिथे सगळं पाणी वाहून शेवटी साचतं. मागच्या टॉयलेटखालचं पॅनल उचलल्यावर येणारा वास मी अजून विसरलेलो नाही. एकदा तिथल्या एका बीमवर रंग शाबूत होता, फक्त एक बोटभर पट्टा जरासा उठलेला. प्लॅस्टिकच्या पट्टीनं टोकरलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे धातूचे पापुद्रेच सुटून हातात आले. बाहेरून बीम, आत नुसते थर.

दोन पत्रे एकावर एक चढवून रिव्हेट मारलेले असतात तिथला गंज याहून लबाड. भुकटीला मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा लागते, त्यामुळे ती आतून पत्रा ढकलते आणि रिव्हेट तो धरून ठेवतात. परिणामी टाके घातलेल्या गादीसारखा पत्रा रिव्हेटांच्या मध्ये फुगतो. समोरून दिसत नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारला की सावल्या पडतात आणि मग दिसतं.

या धातूचे लाड किती करावे लागतात याचा एक नमुना सांगतो. नवीन असताना मी एका पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीनं रेघ मारली आणि सीनियरनं ती पेन्सिल खेचून डब्यात टाकली. पेन्सिलीतलं ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम ओलसर जागी एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नव्या विमानांत कार्बन फायबर जिथे ॲल्युमिनियमला भेटतं तिथे मध्ये काचतंतूंचा थर घालतात आणि टायटॅनियमचे फास्टनर वापरतात, तेही याच कारणासाठी.

आता मुख्य मुद्दा. गंज आणि थकवा ही दोघं एकेकटी असतात तोवर त्यांचा हिशेब मांडता येतो. एकत्र आली की हिशेब कोलमडतो. गुळगुळीत धातूत पहिला तडा पडायलाच आयुष्याचा मोठा भाग जातो. गंजानं आधीच टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पाडून ठेवला असेल, तर तो काळ वजाच होतो. शिवाय तडा दर वेळी थोडा उघडतो तेव्हा त्याच्या टोकाशी कोरा धातू उघडा पडतो, आणि ओलावा तो लगेच खातो.

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमधल्या अलोहा एअरलाइन्सच्या उड्डाण २४३ चं असंच झालं. हिलोहून होनोलुलूला निघालेलं हे ७३७-२०० सुमारे २४,००० फुटांवर असताना पुढच्या केबिनचं जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचं छप्पर उडालं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकीचे सगळे वाचले. विमान १९ वर्षांचं, पण सायकली ८९,६८०, कारण बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं. वरून समुद्राची खारी हवा. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यांचे जोड रिव्हेटांबरोबर गोंदानंही चिकटवलेले असत, आणि भार मुख्यतः गोंदानं वाहायचा असं गृहीत होतं. ओलावा शिरला, गोंद सुटला, फटीत गंज धरला आणि सगळा भार रिव्हेटांवर आला. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाला दिलेला उतार पातळ पत्र्यात आरपार गेला होता, त्यामुळे भोकाची खालची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. एका ओळीतल्या अनेक भोकांना एकाच वेळी छोटे छोटे तडे गेले. प्रत्येक तडा स्वतंत्रपणे निरुपद्रवी होता. ते जोडले गेले तेव्हा चेन उघडावी तसा पत्रा उघडला.

मला स्वतःला मात्र गंजापेक्षा जुन्या दुरुस्त्यांची जास्त धास्ती वाटते. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका ७४७ ची शेपूट उतरताना धावपट्टीला घासली. केबिनचा दाब मागच्या बाजूला अडवून धरणाऱ्या भिंतीच्या दुरुस्तीत एक जोडपट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली आणि जिथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे एकीवरच तो आला. विमान त्यानंतर बारा हजारांहून जास्त सायकली उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली आणि ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सच्या उड्डाण ६११ चीही तीच जात. १९८० मध्ये शेपूट घासली, ओरखडे काढून न टाकता त्यांच्यावर जाड पत्रा ठोकला गेला, आणि त्याखाली तडे बावीस वर्षं वाढत राहिले. २५ मे २००२ ला विमान हवेत विखुरलं, २२५ माणसं गेली. जुन्या फोटोंमध्ये त्या ठिगळाच्या कडेनं तपकिरी डाग दिसतात. विमानात धूम्रपान चालायचं त्या काळातला धूर फटीतून बाहेर झिरपत होता.

कॉमेट या सुरुवातीच्या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाचं नाव काढल्याशिवाय हा विषय संपत नाही, आणि 'चौकोनी खिडक्यांमुळे पडलं' हे एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं भूमध्य समुद्रात पडली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात तिसरं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून दाब भरत-सोडत राहिले, तेव्हा आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ सायकलींना ते फाटलं. पण इटलीतल्या एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाच्या अवशेषांत फाटण्याची सुरुवात सापडली ती छपरावरच्या रेडिओ अँटेनासाठी कापलेल्या भागाशी. प्रवाशांच्या खिडकीशी नव्हे. बाकी कोपऱ्यांवर ताण एकवटतो हे खरंच.

यातून तपासणीची जी पद्धत आली ती मला फार आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. १९७८ पासून अमेरिकी नियमांनी डिझायनरला असं मानायला लावलं की तडा आहेच. तो दिसण्याजोगा होण्यापासून धोक्याच्या लांबीपर्यंत जायला किती सायकली घेईल ते काढायचं आणि तेवढ्या अवधीत त्या जागेची एकापेक्षा जास्त वेळा तपासणी होईल अशी बांधणी करायची. एकदा नजर चुकली तरी पुढच्या खेपेला सापडावा. बाहेरून न दिसणाऱ्या जागी एडी करंटचा (धातूत वीजप्रवाह निर्माण करून तडा शोधणारा) प्रोब फिरवतात, अल्ट्रासाउंड लावतात. अलोहानंतर गंजासाठी वेगळे कार्यक्रम आले. २०१० मध्ये एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेनं, नियम केला की विमान बनवणाऱ्या कंपनीनं प्रत्येक मोठ्या विमानाची सायकलींची किंवा तासांची कमाल मर्यादा जाहीर करायची, त्यापलीकडे ते उडवायचं नाही.

आता तुमचं ठिगळ आणि पट्टी. चंदेरी पट्टी ॲल्युमिनियमची, जोरदार गोंदाची असते. ती भार घेत नाही, फक्त ओल आणि वारा अडवते. कार्बन फायबरच्या पंखांवरचा रंग उन्हानं सुटतो तिथेही ती लावतात, आणि ती विमानं नवीन असतात. दाराजवळ ठिगळ दिसणंही रोजचंच. सामान चढवणाऱ्या गाड्या आणि शिड्या तिथेच आपटतात. आजच्या पद्धतीत खराब भाग कापून टाकतात, मग ठिगळ बसवतात, आणि त्याची पुन्हा कधी तपासणी करायची ते कागदावर लिहून ठेवतात. नीट बसवलेल्या ठिगळाची कड सरळ असते, रिव्हेट एका ओळीत असतात, कडेला काळपट ओघळ नसतात.

ओघळ किंवा रिव्हेटांच्या ओळीतून जाणारी रेघ दिसली तर विमानात शिरतानाच कर्मचाऱ्यांना सांगा, हसतील म्हणून संकोचू नका. अलोहाच्या त्या विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या पत्र्यात रिव्हेटांच्या ओळीवर तडा दिसला होता. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत, जाऊन सीटवर बसल्या.