साखर-लिंबाचा घरगुती स्क्रब चेहऱ्याला लावावा का?
लातूरच्या उन्हाळ्यात साखर-लिंबाचा स्क्रब चालेल का, असे आपण विचारले आहे. घरगुती स्क्रबने मृत पेशींचा थर निघून त्वचा मऊ लागते, एवढा फायदा खरा. परंतु लिंबाच्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे २ आणि त्वचेचा सुमारे ५ असल्याने आग होते, शिवाय लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास फोड येऊन काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात, म्हणून आमच्याकडच्या ४० अंशांच्या उन्हात मला तो सरळ धोक्याचा वाटतो. साखरही बोटांत चोळून पाहा, कडा टोचतात. त्यापेक्षा ज्वारीचे वस्त्रगाळ पीठ (भाकरीचे जाडसर नव्हे) दह्यात कालवून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने अर्धा मिनिट फिरवावे व धुवावे. पिकलेल्या मुरुमांवर मात्र तेही नको.