मायदेशातील तोटा आणि परदेशातील कर्जदार

जागतिक बँका परदेशात अधिक कर्जे देऊ लागल्या की मायदेशातील कर्जदारांच्या वाट्याला कमी पैसा येतो का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते, दोन्हीकडची कर्जे एकाच भांडवलावर, म्हणजे तोटा सोसण्यासाठी असलेल्या बँकेच्या स्वतःच्या पैशावर, उभी असतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ते भांडवल आटले की कात्री कुठे लावायची हे मुख्यालय ठरवते, आणि ती बहुधा परदेशात आधी लागते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानचे आहे. 1988 च्या बाझल कराराने जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या (म्हणजे मुख्यतः दिलेल्या कर्जांच्या) किमान 8 टक्के भांडवल ठेवणे आंतरराष्ट्रीय बँकांना बंधनकारक केले, आणि स्वतःकडील शेअर न विकताही त्यांवर दिसणाऱ्या नफ्याचा 45 टक्के भाग या भांडवलात धरण्याची मुभा जपानी बँकांना मिळाली. टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस 38,915 वर होता; ऑगस्ट 1992 मध्ये तो 15 हजारांच्याही खाली आला आणि त्याबरोबर हे कागदावरचे भांडवलही गेले. जो पीक आणि एरिक रोझेनग्रेन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की, त्यानंतर या बँकांच्या अमेरिकेतील शाखांनी कर्जे आखडती घेतली आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क व इलिनॉय येथील व्यापारी बांधकामाला त्याची झळ बसली. धक्का टोकियोत बसला होता. अमेरिकेतील कर्जदाराचा त्यात काहीच दोष नव्हता.

मला याहून अस्वस्थ करणारी बाब मायदेशातील, म्हणजे जपानमधील आहे. तिथे अनेक दुबळ्या कंपन्यांच्या कर्जांचे बँका नवे-जुने करत राहिल्या, कारण कर्ज बुडाले असे मान्य करताच उरलेसुरले भांडवलही तोट्यात गेले असते. म्हणजे बुडीत कर्जे घरची, ती जगवली गेली, आणि परतफेड करू शकणारा परदेशी कर्जदार मागे पडला.

2008 मध्ये अमेरिकी बँकांनीही आपल्या परदेशी कार्यालयांतून निधी मुख्यालयाकडे ओढून घेतला. मध्य व पूर्व युरोपात तशीच भीती निर्माण झाली, तेव्हा जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या व्हिएन्ना उपक्रमातून पाश्चात्त्य बँकांकडून हंगेरी, रुमानिया यांसारख्या देशांतील कर्जव्यवहार टिकवून ठेवण्याची हमी घ्यावी लागली. म्हणून परदेशी बँकेची कर्जे किती टिकाऊ आहेत हे जोखताना, तिची त्या देशात केवळ शाखा आहे की स्वतःचे भांडवल आणि स्थानिक ठेवी असलेली उपकंपनी आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो.