यू-गी-ओ: नवा मॉन्स्टर जोखताना काय बघायचं

यू-गी-ओ या पत्त्यांच्या खेळात नवं मॉन्स्टर कार्ड दिसलं की नजर थेट अटॅकच्या आकड्यावर जाते. ती सवय आधी मोड. ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगनचा अटॅक 3000, पण लेव्हल 8 असल्यामुळे त्याच्या नॉर्मल समनसाठी, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने हातातून मैदानात आणण्यासाठी, आधी मैदानातले दोन मॉन्स्टर ट्रिब्यूट म्हणून बळी द्यावे लागतात. उलट ॲश ब्लॉसम या मॉन्स्टरचा अटॅक शून्य, तरी ती वर्षानुवर्षं स्पर्धांत खेळली जाते, कारण ती हातातून टाकून समोरच्याला एखाद्या कार्डाच्या जोरावर डेकमधून (पत्त्यांच्या गठ्ठ्यातून) कार्ड घेण्यापासून रोखता येतं.

म्हणून पहिला प्रश्न, हा मैदानात येणार कसा? नॉर्मल समन टर्नमध्ये साधारण एकदाच मिळतो. तुझ्या डेकमधल्या महत्त्वाच्या कार्डालाही तोच हवा असेल, तर नवं कार्ड हातातच अडकून राहील. स्वतःहून स्पेशल समन होणारे, म्हणजे नॉर्मल समन खर्च न करता मैदानात येणारे मॉन्स्टर मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात.

मग कार्डावरचा मजकूर, म्हणजे त्याचा इफेक्ट काय करतो ते, शब्दन् शब्द वाच. 'या नावाच्या कार्डाचा इफेक्ट टर्नमध्ये एकदाच' असं असेल, तर दुसरी प्रत आणूनही तो पुन्हा वापरता येत नाही. नुसतं 'टर्नमध्ये एकदा' असेल, तर दुसऱ्या प्रतीचा इफेक्ट खुशाल वापर. तीन प्रती घ्यायच्या की एक, हे बरंचसं इथेच ठरतं.

सुरुवातीच्या पाच कार्डांत हे एकटंच आलं तर काय करेल, तेही तपास. तीन ठरावीक कार्डं जुळली तरच चालणारा डाव प्रत्यक्षात क्वचितच जमतो. पैसे घालण्याआधी कागदी प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी वापरायची नक्कल) करून मित्राबरोबर भरपूर डाव खेळ, आणि ते हाती आल्यावर दर वेळी हवंसं वाटलं की नकोसं, ते लिहून ठेव.