रोजा होतो, पण आत काहीच होत नाही: तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर

अस्सलामु अलैकुम. तू लिहिलं आहेस की सहरीनंतर, म्हणजे पहाटेच्या जेवणानंतर, लगेच डोळा लागतो, दिवस लेक्चर आणि प्रॅक्टिकलमध्ये जातो, इफ्तारनंतर असाइनमेंट असते आणि तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजच्या, दुसऱ्या रकातीतच (फेरीतच) मन सबमिशनच्या तारखेवर जाऊन बसतं. ‘रोजा होतो, पण आत काहीच होत नाही’ हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. पदवीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वहीत जवळपास हेच लिहिलेलं होतं. धाकटी बहीण समजून एकेरीत लिहिते आहे, राग मानू नकोस.

आधीच सांगते, मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही. मसला, म्हणजे धार्मिक नियमाचा प्रश्न, असेल तर जाणकार आलिमांना विचार, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना. नियत, वेळा, रोजा कशाने तुटतो हे तुला माहीत आहेच, त्यात मी शिरत नाही.

माझा रमजान कशाने गेला ते सांगते. त्या वर्षी 26 व्या रोज्याला आमची प्रात्यक्षिक परीक्षा लागली आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची आणि रोजा सोडायची, वेळ बरोबर तिच्या मधोमध येत होती. मला हवं होतं ते एवढंच: एक खजूर, दोन घोट पाणी आणि तीन रकात फर्जपुरती (अनिवार्य नमाजपुरती) जागा. दहा मिनिटं. परीक्षा विभागात गेले, त्यांनी विभागप्रमुखांच्या सहीसाठी पाठवलं. सही आणली, तर म्हणाले अर्जाची मुदत संपली. मुदत कुठे लिहिली आहे असं विचारलं, तर पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तीन दिवस, चार टेबलं आणि प्रत्येक टेबलावर तेच वाक्य: ‘एकाला दिलं की सगळे मागतील.’ नाही म्हणताना एकानेही कागदावरून मान वर केली नाही, हे मला आजही खुपतं. आणि परीक्षेच्या दिवशी काय झालं? पर्यवेक्षक बाईंनी घड्याळ पाहून आपणहून विचारलं, ‘रोजा आहे ना? जा, पटकन सोडून ये.’ ना अर्ज, ना सही.

पण त्या ऑफिसने माझे फक्त तीन दिवस घेतले होते. त्यापुढच्या रात्री मी स्वतः त्याला देऊन टाकल्या. तक्रारीचा मसुदा लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. ग्रुपवर लांबच लांब मेसेज. जी मैत्रीण भेटेल तिच्यापाशी तेच रडगाणं आणि त्या टेबलांवरच्या माणसांबद्दल नको नको ते शब्द. 21, 23, 25, या तिन्ही रात्री अशाच गेल्या. लैलतुल कद्र, रमजानमधली सर्वांत मोलाची रात्र, शेवटच्या दहा रात्रींतल्या अशाच विषम रात्रींमध्ये शोधायची असते. कुरआनच्या सूरह कद्रमध्ये ती हजार महिन्यांहून श्रेष्ठ सांगितली आहे, म्हणजे 83 वर्षं आणि 4 महिने. त्या रात्री माझ्या हातात फोन होता आणि तोंडी गीबत, पाठीमागची निंदा. 27 व्या रात्री परीक्षेच्या थकव्याने इशाची (रात्रीची) नमाजसुद्धा न पढता झोपले, सकाळी ती चुकलेली नमाज कजा म्हणून पढली. ईदचा चांद दिसल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर न जाता खोलीत बसून रडले.

खोटं बोलणं आणि तसं वागणं जो सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, ही बुखारी या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) मला लहानपणापासून पाठ होती. कोणी भांडायला आलं तर ‘मी रोजेदार आहे’ असं म्हणावं, हीसुद्धा. माझ्याशी तर कोणी भांडतही नव्हतं, मीच एकटी रात्रभर भांडत होते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी विचारलं होतं की लैलतुल कद्र मिळाली तर काय मागू, तेव्हा रसूलुल्लाहनी, म्हणजे पैगंबरांनी (सल्ल.), त्यांना जी दुआ शिकवली, ती माफीची आहे: अल्लाहुम्मा इन्नका अफुव्वुन तुहिब्बुल अफ्वा फअफु अन्नी. तू माफ करणारा आहेस, तुला माफी आवडते, मला माफ कर. पुढच्या वर्षी ही दुआ मागायला बसले आणि शब्द घशातच अडकले. त्या खिडकीमागच्या माणसाला मनातल्या मनात माफ केलं, मग दुआ पुढे गेली. तुझ्या कोरडेपणामागेही असा एखादा राग बसलेला आहे का, ते एकदा बघ. नसेलही, पण बघ.

अन्याय मुकाट सोस असं मी म्हणत नाही. अर्ज कर, पण रमजान लागायच्या आधी. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं असल्यामुळे रमजान दर वर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे तो कोणत्या आठवड्यात येणार हे कितीतरी महिने आधी कळतं. चांदामुळे एक दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून दोन्ही तारखा लिही. ‘सवलत द्यावी’ असं मोघम लिहू नकोस. मगरिबला दहा मिनिटं, अमुक दिवशी, असं नेमकं माग. पोच घे. नाही म्हणाले तर एकदाच तक्रार लिहून दे आणि ईदपर्यंत तो कागद उघडू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. सूरह बकराच्या 183 ते 187 या रोज्याच्या आयती अर्थासह एका बैठकीत वाच. आजारी, प्रवासी, किती दिवस, पहाटेचा पांढरा धागा, असे नियम चालू असतात आणि मध्येच 186 वी आयत येते: माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो. माझं मत विचारशील तर गर्दीच्या दिवसातली दुआची जागा तिथेच दाखवली आहे, नियमांच्या आणि कामांच्या मधोमध. इफ्तारच्या आधीची पाच मिनिटं फोन बंद करून बस आणि आईशी ज्या भाषेत बोलतेस त्याच भाषेत माग. सबमिशनचंही माग.

खतमाच्या, म्हणजे अख्खं कुरआन वाचून संपवण्याच्या, स्पर्धेत उतरू नकोस. 604 पानांच्या प्रतीत पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) साधारण 20 पानांचा, म्हणजे प्रत्येक नमाजनंतर चार पानं, हा हिशेब अगदी बरोबर आहे आणि ज्यांचं वाचन ओघाने होतं त्यांनी जरूर करावा. मी एका वर्षी असाच खतम पूर्ण केला आणि ईदला मला एक आयत अर्थासह सांगता येत नव्हती. आता रोज अर्धं पान वाचते, तर्जुम्यासह (अनुवादासह), पण चुकवत नाही. थोडं असलं तरी सातत्याने केलेलं अमल अल्लाहला सर्वांत प्रिय आहे, ही हदीस विद्यार्थ्यांसाठीच असावी असं मला वाटतं. काही जणींना हे पटणार नाही, ठीक आहे.

झोपेचं मात्र मनावर घे. सहरी सोडू नकोस, तिच्यात बरकत आहे असं सांगितलं आहे. सहरीला उठतेसच, तर वीस मिनिटं आधी ऊठ. दोन रकात तहज्जुद (रात्रीच्या शेवटच्या प्रहरातली ऐच्छिक नमाज) होते, वेगळी रात्र जागवावी लागत नाही. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, फर्जआधीच्या दोन सुन्नत रकाती दुनिया आणि तिच्यातल्या सगळ्याहून बेहतर म्हटल्या आहेत, त्यांना चार मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर लगेच झोपू नकोस, सगळ्यात अवघड विषयाला पाऊण तास दे आणि दुपारी कैलूला (थोडी वामकुक्षी) कर. पैगंबरांचे सोबती हजरत सलमान यांनी रात्रभर नमाज पढू पाहणाऱ्या हजरत अबू दरदा यांना झोपायला लावलं होतं आणि रसूलुल्लाहनी (सल्ल.) सलमानचं बरोबर असल्याचं सांगितलं. चहा-कॉफी जास्त घेत असशील तर रमजानच्या आठवडाभर आधीपासून कमी कर. दुपारची डोकेदुखी बऱ्याचदा भुकेची नसून चहा-कॉफी अचानक सुटल्याचीच असते.

हैजच्या, म्हणजे पाळीच्या, दिवसांत ‘आता माझा रमजान थांबला’ असं वाटून मी फार वर्षं खिन्न व्हायचे. दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) सगळं चालू ठेव. सुटलेल्या रोज्यांचा आकडा त्याच दिवशी लिहून ठेव, नंतर आठवत नाही. हजरत आयेशा आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, पूर्ण करत असत, त्यामुळे उशीर झाला म्हणून घाबरू नकोस, पण पुढच्या रमजानच्या आत उरक.

तुझ्या वेळापत्रकात एखादी परीक्षा मगरिबवर येते आहे का ते इथेच लिही. अर्जाचा मसुदा टाकलास तर मी वाचून सुधारून देईन, माझ्याकडे जुना आहे.