नववीतल्या मुलीला सॅन डिएगोच्या प्रोजेक्टवाल्या चार्टर शाळेत घालावं का?

तुम्ही विचारलंय की बदलीमुळे सॅन डिएगोला येताय, मुलगी नववीत जाणार आहे, 'हाय टेक हाय'सारखी, प्रोजेक्टमधून शिकवणारी चार्टर शाळा घ्यावी का, आणि पाठ्यपुस्तकाशिवाय मुलं शिकतात तरी काय. माझा मुलगा इथल्याच अशा एका चार्टर शाळेतून बारावी झाला. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. पैसा सरकारचा, फी शून्य, फक्त कारभार आणि शिकवण्याची पद्धत शाळेच्या हातात. अशा शाळांचा कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये पहिल्यांदा केला, कॅलिफोर्नियाने 1992 मध्ये. हाय टेक हाय 2000 साली सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भागात, नौदलाच्या जुन्या प्रशिक्षण केंद्राच्या जागेत सुरू झाली. तिचे संस्थापक लॅरी रोझेनस्टॉक वकिली शिकलेले, पण ही शाळा काढण्याआधी सुतारकाम शिकवायचे. हाताने काम आणि डोक्याने काम यांच्या वेगळ्या तुकड्या नकोत, हा तिथला आग्रह त्यांच्यापासूनचा. त्यामुळे हुशार मुलांचा वेगळा वर्ग तिथे नाही. प्रवेश परीक्षाही नाही. लॉटरी निघते, आणि शहराच्या सगळ्या भागांतली मुलं यावीत म्हणून त्यात झिप कोड (इथला पिनकोड) बघतात.

आता शिकण्याचं. माझ्या मुलाच्या वर्गाने किनाऱ्यावरच्या जीवांची माहितीपुस्तिका केली होती. ओहोटीच्या वेळी कॅब्रिओच्या खडकांवर जायचं, टिपणं काढायची, चित्रं काढायची. त्याच्या वाट्याला खडकांच्या फटीतला पट्टेदार खेकडा आला. त्याने झटपट चित्र काढलं, घरी आम्हाला आवडलंही. वर्गात मात्र मुलांनी त्यावर चिठ्ठ्या लावल्या: 'मागचे पाय कुठून निघतात ते कळत नाही', 'पाठीवरचे पट्टे आडवे आहेत, तू उभे काढलेस'. पुन्हा खडकांवर जाऊन, बघून, त्याने ते नव्याने काढलं. मग मजकुराची तीच गत. त्या पानासाठी जीवशास्त्र, भाषा, चित्रकला सगळं लागलं, आणि शेवटी ते पान अनोळखी लोकांसमोर उभं राहून समजावून सांगावं लागलं. एरवी चार माणसांत न बोलणारा मुलगा आजोबांच्या वयाच्या माणसाला भरती-ओहोटीचं गणित सांगत होता. मला या शिक्षणाची खरी ताकद तिथे दिसली. मार्कांसाठी केलेलं काम शिक्षक एकदा बघतात आणि विषय संपतो. इथे काम नीट होईपर्यंत परत येतं.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा प्रदर्शनातल्या चकचकीत वस्तूंवर जाऊ नका. एखाद्या मुलाला विचारा, 'तुझा पहिला मसुदा दाखव, आणि त्यात काय बदललंस ते सांग.' त्याने वही उघडून भराभरा दाखवलं तर शाळा चांगली. नुसतं 'आम्ही ग्रुपमध्ये केलं' म्हणाला तर सावध राहा. अशा शाळांत गटातलं एखादं मूल सगळं ओढतं आणि बाकीचे नुसते बरोबर असतात, हे होतं. शिक्षक ते कसं ओळखतात हेही विचारा.

गणिताचं स्पष्ट सांगते. बीजगणिताला रोजचा सराव लागतो, आणि आमच्याकडे प्रोजेक्टच्या गडबडीत तो कमी पडला. तो आम्ही घरी करून घेतला. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हे गृहीत धरूनच चला. कॉलेजची काळजी मात्र फार नको. कॅलिफोर्निया विद्यापीठ हायस्कूलमध्ये ठरावीक विषयांचे 15 वार्षिक कोर्स मागतं आणि प्रवेशासाठी आता एसएटी ही परीक्षा बघतच नाही. ते कोर्स शाळेत पूर्ण होतात ना, एवढी खात्री करा.

आणखी एक. दोन-तीन वर्षांत भारतात परत जाऊन तिला जेईई किंवा नीट द्यायची असेल, तर माझं उत्तर नाही असंच आहे. तिथे वेळ लावून सोडवलेल्या प्रश्नांचा सराव लागतो आणि ही शाळा तो देणार नाही. उगीच मुलीची ओढाताण होईल.

इथेच राहणार असाल तर लॉटरीत नाव जरूर घाला. नंबर लागेलच असं नाही, त्यामुळे घर घेताना जवळची नेहमीची सरकारी शाळा कशी आहे ते बघून घ्या.