ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर गेलो आणि सभासदांची नावंच उडाली

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर ओरॅकल डेटाबेसवर आहे, लायसन्स परवडेना म्हणून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेतोय. ओराटूपीजी या स्थलांतराच्या टूलने टेबलं आली, क्वेऱ्यांमधले (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांमधले) एनव्हीएल, डीकोड, सिसडेट हे ओरॅकलचे खास शब्द मी हाताने बदलले, एरर एकही नाही. पण सभासद यादी छापली तर चाळीसेक जणांची नावं कोरी! खाते नंबर आहे, शिल्लक आहे, नाव नाही. टेबलात बघितलं तर नाव आहे. काय चुकलं?

उत्तर: त्या चाळीस जणांचा मधल्या नावाचा रकाना बघा, रिकामा निघेल. तुमच्या क्वेरीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव दोन उभ्या रेघा (||) टाकून जोडलं असणार. ओरॅकल त्यातला नल (म्हणजे काहीच न भरलेला तुकडा) सोडून देतं आणि उरलेलं छापतं, पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खं नावच नल. आणि खरं सांगायचं तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या स्टँडर्डप्रमाणे पोस्टग्रेसच बरोबर आहे, ओरॅकलने आपल्याला इतकी वर्षं लाडावून ठेवलं एवढंच.

उपाय सोपा, रेघा काढा आणि कॉन्कॅट डब्ल्यूएस (concat_ws) हे तुकडे जोडणारं फंक्शन वापरा, पहिला पॅरामीटर स्पेस द्या. ते नल गाळतं, त्यामुळे नाव आणि आडनावाच्या मधे डबल स्पेसही येत नाही, जी तुमच्या जुन्या यादीत नक्की येत असेल.

पण याच दुखण्याची दुसरी बाजू अजून तुम्हाला दिसली नसेल. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल एकच धरतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळं ठेवतं. म्हणजे उद्या काउंटरवर कोणी मोबाईल नंबर न भरता फॉर्म सेव्ह केला आणि तुमच्या स्क्रीनने रिकामी स्ट्रिंग पाठवली, की ‘मोबाईल इज नल’ वाल्या रिपोर्टात तो सभासद येणारच नाही, आणि याचीही एरर येत नाही हो! इन्सर्ट आणि अपडेट दोन्हीकडे नलइफ (nullif) फंक्शन लावून रिकाम्याचं नल करून टाका.

सिसडेटच्या, म्हणजे ओरॅकलमधल्या आत्ताच्या तारीख-वेळेच्या, जागी काय टाकलंत ते लिहिलं नाहीत. करंट डेट टाकलं असेल तर वेळ गेली, नुसती तारीख उरली. नाऊ टाकलं असेल तर ते डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (एकगठ्ठा चालणारे बदल, पैशांचा व्यवहार नव्हे) सुरू झाल्याची वेळ धरून बसतं, रात्रीच्या व्याजाच्या जॉबमध्ये प्रत्येक खात्याच्या लॉगला तीच वेळ दिसेल. तिथे क्लॉक टाइमस्टॅम्प (clock_timestamp) टाका, ते दर वेळी त्या क्षणाची वेळ देतं, बाकी ठिकाणी नाऊ चालेल.