जिम लावली आणि घड्याळातला एचआरव्ही घसरला

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की झोप बिघडली की एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा मिलिसेकंदांतला आकडा) खाली येतो. तर त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. बेळगावात आता गल्लोगल्ली जिम झाल्यात आणि पोरांच्या मनगटावर स्मार्टवॉच आलीत, त्यामुळे प्रश्नही बहुतेक एकाच जातीचे आहेत, वजन उचललं की हा आकडा का पडतो आणि पडला तर काय करायचं. नावं छापलेली नाहीत, काही प्रश्न जरा छोटे केलेत.

प्रश्न (टिळकवाडी, वय २७): सर नमस्कार. मी जिमला जातोय, आठवड्याला चार दिवस. सोमवारी सकाळी घड्याळात एचआरव्ही ५८ होता, संध्याकाळी लेग डे केला, स्क्वॉट, लेग प्रेस सगळं फेल जाईपर्यंत, म्हणजे आणखी एकदाही उचलता येणार नाही तोवर. मंगळवारी सकाळी बघतो तर ३९! बुधवारी ४७, गुरुवारी परत ५७. घरचे म्हणतात हार्टवर लोड येतोय, बंद कर ते. कन्नड नट पुनीत राजकुमारचं उदाहरण देतात. खरं मला काही त्रास नाही ओ. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे जिम बंद करू नकोस. तू जे चार आकडे पाठवलेस ना, ते बघून मला उलट बरं वाटलं. का ते सांगतो.

एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचं माप. नाडी मिनिटाला ६० आहे म्हणजे दर सेकंदाला बरोब्बर एक ठोका पडतो असं नसतं, एक ठोका ९४० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०३० नी, त्याच्या पुढचा ९८० नी. आत्ता वाचता वाचताच मनगटावर दोन बोटं ठेव, नाडी सापडली की सावकाश मोठा श्वास आत घे आणि त्याहून सावकाश सोड. घेताना ठोके जरा जवळजवळ येतील, सोडताना लांबतील, तुझ्या वयात तर हे नुसत्या बोटालाही कळतं. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८४७ सालीच नोंदवून ठेवलंय, म्हणजे घड्याळवाल्या कंपन्यांनी काढलेलं नवीन खूळ नाही हे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड म्हणून एक जागा आहे, ठोका तिथून सुटतो. त्याला मोकळा सोडला तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके मारेल, खरं मेंदूतून येणारी व्हेगस नर्व्ह त्याच्यावर कायम ब्रेक दाबून असते म्हणून बसल्या जागी आपली नाडी ६०-७० राहते. हा ब्रेक श्वासागणिक दाबला जातो, सुटतो, परत दाबला जातो, आणि त्यातून ते अंतर बदलत राहतं. शरीर कशाशी तरी झगडत असलं, तापाशी, जागरणाशी, ऑफिसातल्या टेन्शनशी नाहीतर तुझ्या लेग डेशी, की ब्रेक सैल होतो आणि आकडा पडतो.

आता वजनाखाली काय होतं बघ. जड स्क्वॉट मारताना आपण श्वास कोंडतो, पोट घट्ट करतो, मांड्यांचे स्नायू आवळून रक्तवाहिन्या दाबतात, आणि बीपी वर जातं. किती वर? १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून दोन्ही पायांचा लेग प्रेस करताना दाब मोजला होता, सरासरी आली ३२०/२५०, आणि एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे घरी सांगू नकोस, आणखी घाबरतील. हे सगळं काही सेकंदांचं असतं, सेट संपला की दाब झटकन उतरतो, आणि धडधाकट माणसाच्या रक्तवाहिन्या ते सोसतात. खरं शरीराच्या हिशोबात ते मोठं काम असतं, त्यामुळे व्यायाम झाल्या झाल्या एचआरव्ही चांगलाच खाली जातो, हलकं सेशन असेल तर काही तासांत सावरतो, आणि मोठ्या स्नायूंचं जड सेशन, त्यात सेट भरपूर आणि प्रत्येक सेट फेल जाईपर्यंत, असं असेल तर २४ ते ४८ तास सहज घेतो. तुझा ५८ चा ३९ झाला आणि गुरुवारी ५७ ला परत आला. आला की नाही जागेवर? मग झालं तर.

फक्त एक, दर सेट फेलपर्यंत न्यायचं खूळ जरा कमी कर. ताकद वाढायला त्याची गरज नसते, एक-दोन रेप (म्हणजे एक-दोन वेळा उचलणं) शिल्लक ठेवून थांबलास तरी पाय वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी आकडा इतका आपटत नाही. जिने उतरताना कठडा पण धरावा लागत नाही.

तू विचारलेलं नाहीस तेही सांगतो, कारण पुढे तोच प्रश्न येणार आहे. वर्षभर वजनं मारली म्हणजे सकाळचा एचआरव्ही ७० होईल अशी आशा धरू नको. तुझ्यासारख्या तरुण, निरोगी माणसांवर जे अभ्यास झालेत त्यांत नुसत्या वेट ट्रेनिंगने आरामातला एचआरव्ही बहुतेक वेळा वाढत नाही, आणि कमीही होत नाही, आहे तिथेच राहतो. वाढतो तो धावणं, सायकल, पोहणं असल्या दमाच्या व्यायामाने. म्हणून वजनं सोडायची का? नाही. हाडं, स्नायू, साखर, म्हातारपणी जमिनीवरून उठता येणं, यातलं काहीच एचआरव्हीच्या आकड्यात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पण दोन्ही आहेत, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा.

राहिले पुनीत राजकुमार. २९ ऑक्टोबर २०२१ ला ते हार्ट अटॅकने गेले, वय फक्त ४६, आणि त्यानंतर अख्ख्या कर्नाटकात हार्ट चेकअपला रांगा लागल्या. घरच्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. खरं हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का, हे एचआरव्ही सांगत नाही, ५८ असला म्हणून हृदय ठणठणीत नाही आणि ३९ झाला म्हणून धोक्यात नाही. त्यांना धीर द्यायचा असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून रिपोर्ट हातात ठेव. व्यायाम करताना कधी छातीत दडपण आलं, चक्कर आली, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग स्क्वॉट.

प्रश्न (येळ्ळूर): मी तालमीत जातो, जोर-बैठका, लढत, आणि आता जिममध्ये डेडलिफ्ट पण चालू केलंय. घड्याळ घालून गेलो की वस्ताद ओरडतात, काढ ते म्हणून. व्यायाम चालू असताना एचआरव्ही बघण्यात काही अर्थ आहे काय?

उत्तर: वस्तादांचं ऐक, काढून ठेव. लढतीत समोरच्याच्या डोळ्याला लागेल हे एक कारण, दुसरं म्हणजे घड्याळ हिरव्या उजेडाने कातडीखालचं रक्त बघून ठोका ओळखतं, आणि तू बार घट्ट पकडलास की मनगटाच्या शिरा तटतटतात, पट्टा सरकतो, घाम येतो, मग ते जे दाखवतं त्याला आकडा म्हणायचं म्हणून म्हणायचं. एचआरव्ही बघायचा तर सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन येऊन, चहाच्या आधी, मोबाईलही उघडायच्या आधी, रोज एकाच पद्धतीने बसून किंवा पडून. छातीचा पट्टा असेल तर उत्तम. नाहीतर रात्री झोपेत घड्याळ स्वतःच मोजतं ते बघ.

पैलवानाला याचा खरा उपयोग वेगळाच आहे. मॅटवरच्या स्पर्धेसाठी वजन उतरवायला पोरं पाणी तोडतात, जेवण तोडतात, यात्रांच्या दिवसांत आज या गावच्या मैदानात तर परवा त्या, रात्रीचा प्रवास, झोप अर्धी, आणि सकाळी परत जोर. अशा आठवड्यात आकडा तीन-चार दिवस वर येतच नाही आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा सहा-आठने जास्त दिसते. तेव्हा डेडलिफ्टचे सेट निम्मे कर, लढत हलकी धर, पाणी पी. आता वस्तादांना हे घड्याळाशिवाय कळतं, पोरगा आखाड्यात उतरताना त्याची मान बघून ते सांगतात आज याला नको म्हणून. खरं तू घरी एकटा असताना वस्ताद नसतात, तेव्हा घड्याळ बघ.

प्रश्न (उद्यमबाग, वय ३८): माझा एचआरव्ही ३१ येतो, माझ्याबरोबर व्यायाम करणाऱ्या मित्राचा ६५. तो माझ्यापेक्षा कमी वजन मारतो. माझं शिफ्टचं काम आहे, एक आठवडा नाइट. माझ्यात काही कमी आहे काय?

उत्तर: मित्राचं घड्याळ कुठलं आहे ते आधी विचारा. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन नावाचं माप दाखवतं, फिटबिटसारखी आरएमएसएसडी दाखवतात. दोन्ही मिलिसेकंदांतच असतात म्हणून सारखी वाटतात, खरं हिशोब वेगळा, त्यामुळे तुमची तुलनाच मुळात चुकली असेल. हृदयरोगतज्ज्ञांच्या युरोपीय आणि अमेरिकी संस्थांनी १९९६ साली ही मापं कशी घ्यायची त्याचे नियम लिहून ठेवलेत. घड्याळ एक असलं तरी वय वाढेल तसा एचआरव्ही कमी होतो, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दुप्पट फरक असू शकतो. तुमची तुलना तुमच्याशीच, तीही सात दिवसांच्या सरासरीची.

नाइटच्या आठवड्यात आकडा पडणारच, दिवसाची झोप ती झोप नव्हे. त्या आठवड्यात मोजायचं ते झोपून उठल्यावर, मग दुपारचे तीन का वाजले असेनात. शिफ्ट बदलल्यावर पहिले दोन दिवस जड डेडलिफ्टचं रेकॉर्ड काढायला जाऊ नका, सेट कमी, वजन जरा कमी, एवढं पुरे. आणि शनिवारी रात्री दहाला मटण आणि त्याच्या आधी दोन पेग झाले असतील तर रविवारच्या आकड्याचा दोष जिमला देऊ नका. दारूने त्या रात्रीचा एचआरव्ही पडतो, आणि लेग डेपेक्षा जास्तही पडू शकतो.

प्रश्न (खानापूर): आमच्या मिस्टरांना वय ६१, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. मुलाने पुण्याहून घड्याळ पाठवलंय, त्यात एचआरव्ही १८ दाखवतं. मुलगा म्हणतो बाबांना वजनं उचलायला लावा. या वयात वजनं? काही होणार नाही ना?

उत्तर: काकू, मुलगा चुकीचं सांगत नाही, फक्त क्रम बदलूया.

आधी १८ बद्दल. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसांसारख्याच हृदयाकडे जाणाऱ्या बारीक नसाही बधिर होतात, त्यामुळे एचआरव्ही कमी येणं मधुमेहात नेहमी दिसतं. वयाचाही भाग आहे. गोळी बीटा ब्लॉकर जातीची असेल तर नाडी आणि एचआरव्ही दोन्ही बदलतात, म्हणून गोळी चालू करायच्या आधीचा आकडा आणि नंतरचा, यांची तुलना करू नका. याच्या उलटही होतं, ठोके अनियमित पडत असले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते, तर घड्याळ भरमसाठ मोठा एचआरव्ही दाखवतं आणि घरचे खुश होतात. उद्या एकदम ९० दिसायला लागलं तर पेढे वाटायच्या आधी ईसीजी काढा.

आता गंमत अशी की वर ज्या पोराला मी म्हटलं की वजनांनी तुझा एचआरव्ही वाढणार नाही, त्याच वजनांनी तुमच्या मिस्टरांचा थोडा सुधारण्याची शक्यता त्याच्यापेक्षा जास्त. मध्यम वयाच्या पुढे आणि शुगर, हृदयाचे आजार असलेल्यांत स्नायूंच्या व्यायामाने फरक पडल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, निरोगी तरुणांत तसं नाही, बहुधा त्यांच्यात सुधारायला जागाच कमी असते. शिवाय स्नायू वापरला की तो रक्तातली साखर ओढून घेतो, तो फायदा एचआरव्ही हलो न हलो मिळतोच.

खरं आधी त्यांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. बीपी ताब्यात आहे का? बसल्या जागी १८०/११० च्या वर जात असेल तर तोपर्यंत वजनाला हात लावायचा नाही. आणि डोळ्याचा पडदा तपासलाय का? शुगरने पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर जोर लावून श्वास कोंडल्यावर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, आणि जिमचा ट्रेनर हे विचारेलच असं नाही. दोन्ही ठीक असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर, प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्याला दोन-तीन दिवस. उठताना मोठ्याने आकडे मोजायला सांगा, बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. शेजारी तुम्हीही करा, तुमची हाडं काही वेगळ्या मातीची नाहीत.

प्रश्न (निपाणी): ऑनलाइन कोच म्हणतो सकाळी घड्याळात एचआरव्हीचा रंग हिरवा असेल तरच व्यायाम, लाल असेल तर सुट्टी. आणि एचआरव्ही वाढवायची पावडर पण विकतोय. घेऊ काय?

उत्तर: पावडर घेऊ नका.

सकाळचा आकडा बघून त्या दिवसाचा व्यायाम ठरवायचा, हे प्रयोग मुख्यतः धावणाऱ्यांवर आणि सायकलवाल्यांवर झालेत, वजनांच्या बाबतीत त्याला इतका आधार नाही. एक दिवस लाल दिसलं तर जिमला जा, वॉर्मअप करा, रिकामा बार नेहमीसारखा हलतोय का बघा, हलत असेल तर ठरलेलं करा, जड वाटत असेल तर सेट कमी करा. ताप असेल तर घड्याळ कुठल्याही रंगाचं असो, घरी झोपा. आणि आकडा वाढवायचाच असेल तर जिमच्या मधल्या दोन दिवसांत सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याला अर्धा तास पळा, बोलता येईल इतक्याच वेगाने. फरक दिसायला दोन-तीन महिने धरा.